चोटीवाली हातात कशी बसवायची: टेकनमधल्या हलक्या-फास्ट कॅरेक्टरची पूर्ण पद्धत

आर्वीले आठवडी बाजाराच्या दिवशी बाबा कापसाच्या भावाची चौकशी करत फिरायचे आणि तेवढ्या वेळात मी गेमच्या दुकानात घुसायचो. दोन टीव्ही, दोन जुने प्लेस्टेशन, पाच रुपयात एक गेम, आणि हरला त्यानं पॅड खाली ठेवून उठायचं असा नियम. जिंकणारा बसून राहते आणि हरणाऱ्याचे पाच रुपये गेले. मी सगळ्यात जास्त पैसे बुडवले ते टेकन ३ या मारामारीच्या गेममधल्या शाओयूवर. तिच्या पूर्ण नावातला पहिला शब्द आपल्याकडं मोठ्या माणसांसमोर घ्यायची सोय नाही, म्हणून दुकानात तिले सगळे पोट्टे चोटीवालीच म्हणायचे, दोन बाजूले दोन चोट्या, अंगानं बारीक, सोळा वर्षाची शाळकरी पोरगी, आणि पाळलेला पांडा. टेकन ३ मधे तिची गोष्ट अशी आहे की तिले स्वतःचा मोठा आनंदमेळा बांधायचा आहे आणि स्पर्धा भरवणाऱ्या हेहाचीनं तिले शब्द दिला की स्पर्धा जिंकली तर बांधून देतो. मले तेव्हा गोष्टबिष्ट काही माहीत नव्हती, मी तिले घ्यायचो कारण ती फास्ट होती.

आणि मी हरायचो, सपाटून. जिनिंगवर काम करणाऱ्या एका काकांचा पोरगा गन जॅक घ्यायचा, तो भला मोठा रोबोट, तो हलतच नव्हता जागचा. मी तिकून उड्या मारत, गोल फिरत, दहा बटणं दाबत जायचो आणि तो तीन ठोसे द्यायचा. खतम. पाच रुपये.

माहा एक चुलतभाऊ कबड्डी खेळायचा, रेडर. अंगात काही नाही, वाऱ्यानं उडल असा. एक दिवस तो माह्या मागं उभा राहून पाहून रायला होता, मी हरल्यावर तो एवढंच बोलला, "अबे तू आत जाते बरोबर, वापस कुठं येते?" कबड्डीत रेडरनं हात लावला तरी मधली रेषा पार करून वापस आल्याशिवाय पॉइंट नाही. आपला वेग आत शिरायसाठी नसते, बाहेर निघायसाठी असते. हे डोक्यात बसायले मले लय वर्षं लागली, तोवर टेकन ७ आलं, दुकान बंद पडलं, तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. पण खाली जे लिहून रायलो ते सगळं त्या एका वाक्यातूनच निघालं आहे.

मी टेकन ७ धरून सांगतो काऊन की आमच्या गावात जुन्या कॉम्प्युटरवर तेच चालते. टेकन ८ जानेवारी २०२४ मधे आलं, त्याले भारी मशीन लागते, पण बहुतेक गोष्टी तिथंही लागू पडतात.

आधी हलकं म्हणजे काय ते समजून घे

प्रत्येक गेममधे हलकं कॅरेक्टर वेगळ्या कारणानं हलकं असते. स्ट्रीट फायटर ४ मधे अकुमाची हेल्थ ८५० आणि झांगीफची ११००, म्हणजे तिथं हलका माणूस खरंच लवकर मरते. स्मॅश ब्रदर्समधे वजन कमी असलं की फटका बसल्यावर जास्त दूर उडते. टेकनमधे तसं नाही, शाओयूची लाईफ काही जॅकपेक्षा कमी नसते. तिचा हलकेपणा मारात आहे. तिनं एकदा मारलं की कमी जाते, समोरच्यानं तेवढीच चूक केली तर त्याले मिळालेली शिक्षाही छोटी असते. म्हणून हिशोब सरळ आहे, तो तुले तीनदा पकडून जिंकते, तुले त्याले पाच-सहा वेळा पकडा लागते. आणि त्या बदल्यात गेमनं तुले काय दिलं तर बारीक अंग, चपळ पाय आणि अशा दोन-तीन जागा जिथं समोरच्याचा मार डोक्यावरून निघून जाते.

आता तूच सांग, ज्याले पाच-सहा वेळा पकडायचं आहे त्यानं प्रत्येक वेळेस जुगार खेळून चालल का? तिथंच नवीन पोट्टे मार खातात. त्यांले वाटते फास्ट आहे म्हणजे सतत दाबत राहा. सतत दाबणारा फास्ट कॅरेक्टर सगळ्यात सोपा सापडते, तो स्वतःच चालत येते ना बाप्पा.

सामान

याच्यावर जास्त लिहीत नाही, पण दोन गोष्टी आहेत ज्याच्यामुळं माहे सहा महिने वाया गेले. पहिली म्हणजे टीव्ही. जुन्या डब्बा टीव्हीत बटण दाबलं की लगेच दिसायचं, आताचे सपाट टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात उशीर लावतात. सेटिंगमधे जाऊन गेम मोड चालू कर, बस. दुसरी, टेकन ७ ले सेकंदाले ६० फ्रेम लागतातच, मशीन कमी पडलं की गेम अडखळत नाही तर चक्क हळू होते, आणि त्या हळू गेमवर बसलेला हात दुसऱ्याच्या मशीनवर गेला की सगळं चुकते. म्हणून सावल्या, झगमग, सगळं खाली आण, चित्र मळकट दिसलं तरी चालल पण ६० सोडू नको.

पॅडचं म्हणशील तर महागाचा नको, पण बाणाची बटणं ढिली झालेली नकोत. या कॅरेक्टरचं अर्धं काम डाव्या अंगठ्यात आहे. मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा जाते तेव्हा हात घामानं घसरतात, मी मांडीवर दुपट्टा ठेवतो आणि प्रत्येक राउंडनंतर अंगठा पुसतो. हसू नको, करून पाय.

बटणांचं ज्याले माहीत नसल त्याच्यासाठी: प्लेस्टेशनच्या पॅडवर चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. खेळणारे त्यालेच १, २, ३, ४ म्हणतात, मी पण तसंच म्हणीन.

फ्रेमचा हिशोब, घाबरू नको

सेकंदाचे ६० तुकडे कर, एक तुकडा म्हणजे एक फ्रेम. साधा जॅब, म्हणजे नुसतं १, हा १० फ्रेममधे लागते, सेकंदाचा सहावा हिस्सा. माणसाले डोळ्यानं पाहून बोट हलवायले साधारण पाव सेकंद लागते, म्हणजे १५ फ्रेम. याचा अर्थ असा की जॅब पाहून कोणीच अडवू शकत नाही, तुमी कितीही फास्ट असा. जो म्हणते मी पाहून अडवतो तो आधीच अंदाज बांधून बसला असते.

दुसरं, प्रत्येक मार अडवल्या गेला की मारणारा काही फ्रेम मागं पडते किंवा पुढं राहते. बहुतेकांचा जॅब समोरच्यानं अडवला तरी मारणारा १ फ्रेमनं पुढं असते, आणि लागला तर ८ फ्रेमनं. ८ फ्रेम पुढं म्हणजे आता पुढची पाळी तुझीच. उलट समोरचा एखादा मार १० किंवा जास्त फ्रेमनं मागं पडणारा असल तर तो अडवल्यावर तुझा १० फ्रेमचा जॅब त्याले लागलाच पायजे, तो काही करूच शकत नाही. १५ च्या घरात मागं पडला तर बहुतेकांले त्याले हवेत उडवता येते. हे पाठ करायचं काम कंटाळवाणं आहे, तुरीच्या शेंगा सोलल्यासारखं, पण सगळी पन्नास कॅरेक्टरं पाठ करायची नाहीत. तुझ्यासोबत जे चार-पाच लोक नेहमी खेळतात त्यांचे आवडीचे दोन-दोन मार तेवढे पाठ कर. माह्या भावाचा जॅक मले तोंडपाठ आहे, बाकीच्या जगाचं काय करायचं ते पाहू नंतर.

माराच्या तीन उंच्या ध्यानात ठेव. हाय उभ्याले लागते आणि बसलेल्याच्या डोक्यावरून जाते. मिड बसून अडवता येत नाही. लो उभ्यानं अडवता येत नाही. साधी पकड, म्हणजे थ्रो, हायमधेच येते म्हणून बसलं की सुटते. आणि १ अधिक ३ ची पकड १ दाबून सोडवायची, २ अधिक ४ ची २ दाबून.

पहिले दहा दिवस फक्त पाय

आता खरं काम. पहिले दहा दिवस मारायचंच नाही. खरंच सांगून रायलो. प्रॅक्टिसमधे जा, रोज पंधरा मिनिटं, फक्त मागं जाणं आणि बाजूले होणं.

मागं दोनदा टिचकी मारली की बॅकडॅश लागते. तो पूर्ण होईपर्यंत थांबलास तर मधला वेळ वाया जाते, म्हणून खेळणारे तिरपं खाली-मागं क्षणभर दाबून तो मधेच कापतात आणि लगेच दुसरा मारतात. याले कोरियन बॅकडॅश म्हणतात. अंगठा दुखते, पहिले आठ दिवस तर कॅरेक्टर बसते, उठते, कधी उडीच मारते. घाई करू नको, आधी हळू, एक-एक बरोबर, मग वेग आपोआप येते. डाव्या बाजूनं जमलं की उजव्या बाजूनंही कर, काऊन की मॅचमधे बाजू बदलते आणि तिकडं अंगठा उलटा फिरते. मी तीन महिने फक्त डाव्या बाजूनं शिकलो आणि एका लग्नघरी कोणाच्यातरी लॅपटॉपवर खेळताना दुसरी बाजू मिळाली, तर माहा सगळा बॅकडॅश गेला, पाहुण्यांसमोर इज्जत गेली ते वेगळं.

बाजूले होणं, म्हणजे साइडस्टेप, वर किंवा खाली हलकी टिचकी. दाबून ठेवलं तर उडी नाहीतर बैठक. सरळ रेषेत येणारे मार याच्यानं चुकतात, काही मार होमिंग असतात ते बाजूनंही शोधत येतात, म्हणून साइडस्टेप म्हणजे देवाचा अंगारा नाही. माहा नियम साधा आहे: दोघं दूर असलो तर मागं, जवळ असलो आणि मी थोडा मागं पडलो असलो तर बाजूले, आणि काहीच समजत नसल तर गप्प उभं राहून अडव. टेकनमधे बाण सोडून दिला तरी कॅरेक्टर आपोआप उभ्या मारांले अडवते, हे कित्येकांले माहीतच नाही, ते घाबरून बटणं दाबतात आणि तिथंच अडवणं तुटते.

एक ध्यानात ठेव, भिंत. टेकन ३ मधे भिंतच नव्हती, किती मागं जायचं तेवढं जा. भिंती आल्या टेकन ४ पासून. आता मागं जाता जाता पाठ भिंतीले लागली तर तुझ्यासारखा हलका माणूस तिथं पिठासारखा मळला जाते. म्हणून मागं जायचं ते गोल, विहिरीभोवती बैल फिरायचा तसं. शाओयूची लढायची पद्धत म्हणजे बाग्वाजांग, ती चिनी विद्या गोल चालण्यावरच उभी आहे, समोरच्याभोवती वर्तुळात चालत राहायचं आणि कडेनं हात घालायचा. गेम बनवणाऱ्यांनी ते उगाच नाही दिलं तिले.

पाच मार, बस

मूव्ह लिस्ट उघडली तर शंभराच्या आसपास मार दिसतात आणि डोकं गरगरते. पाच घे. एक, जॅब, म्हणजे १ आणि त्याच्यामागं येणारी छोटी माळ. दोन, एक फास्ट मिड जो अडवल्या गेला तरी तुले शिक्षा होत नाही, हा बसून राहणाऱ्यासाठी. तीन, एक हलका लो, मार कमी असला तरी चालल, त्याचं काम समोरच्याले चिडवणं आहे, तो खाली अडवायले लागला की तुझा मिड लागायले लागते. चार, लाँचर, हवेत उडवणारा. पाच, बसल्यावरून उठता उठता ४. हा बहुतेक कॅरेक्टरांचा ११ फ्रेमचा असते, कोणाचा लो अडवला की लगेच हाच, विचार न करता.

दोन आठवडे या पाचाच्या बाहेर जाऊ नको. दुकानातले पोट्टे म्हणतील काय बोर खेळून रायला बे. म्हणू दे.

रिकामा वार पकडणं: इथंच सगळी कमाई

आता कबड्डीकडं वापस. कोपऱ्यातला डिफेंडर पाय पकडायले झेपावते, रेडर टाच मागं घेते, डिफेंडर जमिनीवर पडते, आणि त्याच क्षणी रेडर त्याले हात लावून रेषेकडं पळते. टेकनमधे याले व्हिफ पनिश म्हणतात, समोरच्याचा वार हवेत गेला आणि तो वापस उभा व्हायच्या आधी तू मारला. भारी कॅरेक्टरचे वार मोठे असतात, पण चुकले की वापस यायले तेवढाच जास्त वेळ लागते. तुझी कमी ताकद भरून काढायची जागा हीच आहे.

याची तालीम अशी कर. प्रॅक्टिसमधे समोरच्या पुतळ्याले रेकॉर्ड करता येते. त्याच्याकडून तीन गोष्टी रेकॉर्ड कर, एक लांबचा मोठा वार, एक पुढं धावत येऊन थ्रो, आणि तिसरं म्हणजे काहीच नाही, नुसतं उभं राहणं. तिन्ही उलटसुलट चालू दे. तू त्याच्या वाराच्या टोकावर उभा राहा, म्हणजे एक पाऊल पुढं असतास तर लागला असता इतक्या अंतरावर, आणि एक बॅकडॅश मारून वार रिकामा गेला की लाँचर. उभा राहिला तर काही करू नको. हे जे "काही करू नको" आहे ना, तेच सगळ्यात अवघड आहे. पहिल्या दिवशी मी वीसपैकी चौदा वेळा उगाच लाँचर मारला, समोरचा नुसता उभा होता. हात खाजवतात. पण वीसपैकी पंधरा बरोबर यायले लागले तेव्हा मॅचमधे मले पहिल्यांदा असं वाटलं की गेम हळू झाला आहे.

अंतर डोळ्यानं ओळखायची युक्ती: जमिनीवरच्या फरशा किंवा रेषा मोजू नको, ते मैदानागणिक बदलते. समोरच्याचा पाय आणि तुझा पाय यांच्यामधे तुझंच एक कॅरेक्टर आडवं मावल का एवढं पाय. माह्यासाठी ते बरोबर बसते.

फिनिक्स: बसायचं कधी आणि बसायचं नाही कधी

शाओयूची ओळखच ही आहे. खाली धरून १ अधिक २, ती एकदम जमिनीले चिकटून पसरते. याले फिनिक्स म्हणतात. हाय तर जातातच डोक्यावरून, कित्येक मिडसुद्धा जातात, आणि ते पाहून समोरचा वेडा होते, काऊन की त्याच्या हिशोबानं मिड लागायलेच पायजे होता. तिथून तुझ्याकडं मिड आहे, लो आहे, आणि उडी घेऊन मारायची सोय आहे.

पण फिनिक्समधे अडवता येत नाही. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेव. लो लागते, जमिनीजवळून जाणारे काही मिड लागतात, आणि तिथून उठायले मधे जो क्षण जाते त्यात तू उघडी. म्हणून फिनिक्स म्हणजे राहायचं घर नाही, पाऊस आला म्हणून झाडाखाली उभं राहणं आहे, आणि विजा चमकत असतील तर तेही नाही.

मग बसायचं कधी? जेव्हा तुले माहीत आहे की आता हाय येणार. उदाहरण: तुझा जॅब समोरच्याले लागला, तो चिडला, तो बहुतेक वेळा स्वतःचा जॅब काढते. तो हाय आहे. तिथं बसलास, त्याचा जॅब डोक्यावरून, आणि तुझा वार त्याच्या पोटात. दुसरी वेळ, तुझा मार त्यानं अडवला आणि आता पाळी त्याची आहे हे दोघांले माहीत आहे. तो पाळी घेणार, बहुतेक लोक पाळी घेतात ती जॅबनं नाहीतर थ्रोनं. एकदा बसलास, मारलास, आता परत तीच वेळ आली तर बसू नको, अडव. काऊन की आता तो लो मारणार. तिसऱ्यांदा काय करायचं ते त्याच्या चेहऱ्याकडं पाहून ठरव, शेजारीच बसला असते ना तो.

कोणत्या कॅरेक्टरचा कोणता मिड फिनिक्सले लागते हे पाठ करायची एकच रीत आहे, परत तोच पुतळा. तुझ्या गावातल्या नेहमीच्या भिडूचे आवडते चार वार रेकॉर्ड कर आणि स्वतः फिनिक्समधे बसून पाय कोणता लागते. एक संध्याकाळ पुरते.

पाठ फिरवून उभं राहण्याची पण तिची एक चाल आहे, रेन डान्स. समोरच्याकडं पाठ, आणि तिथून वेगळेच मार निघतात. दिसायले लय भारी, पण सुरुवातीले तिच्या नादी लागू नको. पाठ असताना अडवायचं तर आधी वळा लागते, आणि नवीन माणसाचं वळणं नेहमी उशिरा होते. दोन महिन्यांनी, जेव्हा समोरचे फिनिक्सले सरावतील, तेव्हा ते पुस्तक उघड. त्याच्यावर मी इथं जास्त लिहीत नाही, माहाच हात त्यात अजून कच्चा आहे.

कॉम्बो

एकच शिक. लाँचरनं उडवलं, मग चार-पाच मार, टेकन ७ मधे एका कॉम्बोत एकदाच तो गरगर फिरवणारा स्क्रू लागते, तो टाकला की पुढं धावून शेवटचा मार. व्हिडिओत जे लंबे लंबे कॉम्बो दाखवतात ते घेऊ नको, त्यात मधे एक पाऊल चुकलं तर तो खाली उतरते आणि तू त्याच्या तोंडासमोर उभा. जो कॉम्बो दहापैकी नऊ वेळा लागते तोच तुझा, मार थोडा कमी असला तरी. पांडा, कुमा, जॅक यांच्यासारखी मोठी धुडं हवेत असली की त्यांले मार लागायची जागाही मोठी, तिथं चूक खपून जाते. बारीक कॅरेक्टरवर तोच कॉम्बो सुटते, म्हणून सराव बारीक कॅरेक्टरवर कर.

दोन्ही बाजूनं. परत सांगतो, दोन्ही बाजूनं.

कोण समोर आहे त्याच्यावरून

एडी घेऊन दोन्ही पायाची बटणं बडवणारा पोट्टा प्रत्येक गावात एक असतेच. त्याच्याशी फिनिक्सची हुशारी करू नको, तो काही विचार करूनच मारत नाही तर त्याचा विचार ओळखशील कसा, आणि त्याचे लो तुले तिथंच सापडवतील. त्याच्यापुढं फक्त अडव, त्याची माळ संपू दे, मग छोटी शिक्षा. तीन राउंडात तो कंटाळते.

जॅक, किंग, पांडा असे भारी लोक आले तर दूर राहा, त्यांचा लांबचा वार रिकामा घालव, एकदा पकड आणि वापस. किंगसोबत थ्रो सोडवायचा सराव करूनच बस, नाहीतर त्याच्या पकडींची माळ लागली की निघणं मुश्किल. ह्वोआरँगसारखा तुझ्याइतकाच फास्ट माणूस आला तर मात्र मागं पळून भागत नाही, त्याच्या लाथा लांब येतात, तिथं जवळ राहून जॅबनं मधेमधे तोडा लागते.

आणि घड्याळ. राउंड ६० सेकंदाचा असते आणि वेळ संपला तर ज्याची लाईफ जास्त तो जिंकला. हलक्या कॅरेक्टरसाठी याच्यापेक्षा मोठी देणगी नाही. पुढं आहेस ना, मग येऊ दे त्याले. जो पाठलाग करते तो वार रिकामे घालवते. लोक म्हणतील पळपुटा, रेडर रेषेकडं पळते तेव्हा त्याले कोणी पळपुटा म्हणते का?

समोरच्याची लाईफ पाव हिश्शाच्या आसपास आली की तो लाल होते, रेज. आता तो रेज आर्ट टाकणार, जो तुझा मार खात खात पुढं येते. इथं ९० टक्के पोट्टे जिंकत आलेली मॅच घालवतात, काऊन की आता एकच मार पायजे म्हणून झेपावतात. उलट कर. एक हलका जॅब दाखव आणि अडवून उभा राहा. तो टाकते. अडवला की तो मोकळा पडते, मग लाँचर आरामात.

नेट नाही म्हणून रडू नको

आमच्याकडं नेट असं आहे की ऑनलाईन मॅच म्हणजे पुराच्या पाण्यात पोहणं. त्यात लाईन जाते, शेतातल्या मोटारीले रात्रीची लाईन येते तेव्हा घरचा दिवा मिणमिणते. पण २०१९ मधे लाहोरचा अर्सलान अॅश जपानमधे ईव्हो, म्हणजे अशा मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा, जिंकला, त्याच वर्षी लास वेगासचंही जिंकला, फायनलमधे कोरियाच्या 'नी' नावाच्या खेळाडूले हरवलं, आणि त्याच्या आधी बाहेरच्या जगात त्याचं नाव फार लोकांले माहीत नव्हतं. तो तयार झाला तो आपल्या शहरातल्या दुकानात, शेजारी शेजारी बसून, त्याच त्या तगड्या पोरांसोबत. शेजारी बसून खेळण्यात नेटचा उशीर नसते आणि हरल्यावर विचारता येते, "अबे तो मार अडवल्यावर काय करायचं?"

म्हणून दोन-तीन जण धरा. आठवड्यातून दोन दिवस, कापूस वेचणीच्या हंगामात एक दिवस मिळाला तरी लय. दहा मॅच खेळायच्या, मधे पाच मिनिटं थांबून एकमेकाले एक-एक चूक सांगायची, एकच, जास्त नाही. हरलेली मॅच मोबाईलवर शूट करून ठेव आणि पाहताना फक्त एवढं मोज: मले लागलेल्या मारांपैकी किती मी बटण दाबत असताना लागले? माहे पहिल्या वेळेस अकरापैकी नऊ होते. आता तीन-चारवर आले आहेत, त्याच्या खाली काही जात नाहीत.

मागच्या पोळ्याले चुलतभाऊ आला होता, कबड्डी सुटली आहे त्याची, गुडघा गेला. आम्ही रात्री खेळत बसलो. त्यानं जॅक नाही घेतला, चोटीवाली घेतली, म्हणे दोन वर्षांपासून तिच्यावरच हात बसवून रायलो. पहिल्या दोन मॅच मी हरलो, माह्याच कॅरेक्टरकडून, तो मागं मागं जायचा आणि मी झेपावायचो. तिसऱ्या मॅचले तो फिनिक्समधे बसला आणि मी नुसता खाली बसून लो मारला, परत बसला, परत लो. चौथ्यांदा तो बसलाच नाही, मी लो मारायले वाकलो आणि त्यानं मिड घातला.